‘डिस्को दीवाने’ची जुनी एलपी: चौदाशे रुपयांचा हिशेब

आधी किंमत सांगते, कारण ज्याला त्याला पहिला प्रश्न तोच पडतो. चौदाशे रुपये. पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’, १९८१ सालची एचएमव्हीची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, अर्थातच वापरलेली. कव्हराच्या कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या, पाठीमागे कुणीतरी निळ्या बॉलपेनने ‘चि. बेबीस, दहावी पास झाल्याबद्दल, मामाकडून’ असं लिहिलेलं. पैसे वसूल झाले का? बारा आणे झाले. उरलेले चार आणे कुठे गेले तेही सांगते.

ऐंशीच्या दशकात मी ठाण्यात ऑर्केस्ट्रात गायचे. लताबाईंची गाणी आमच्यातली दुसरी एक मुलगी म्हणायची, आशाबाईंची माझ्याकडे, आणि ‘जरा वेस्टर्न’ म्हणून बाजारात जे काही येईल तेही माझ्याच गळ्यात. त्यामुळे ही गाणी मी ऐकली कमी आणि म्हटली जास्त. गणपतीत, नवरात्रात, एकदा तर कुठल्याशा महिला मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा. समोर बायका वाणाच्या स्टीलच्या वाट्या मांडीवर घेऊन बसलेल्या आणि मी स्टेजवर ‘डिस्को दीवाने’! मूळ रेकॉर्ड मात्र तेव्हा कधी हातात आली नाही. आमचे मास्टर तालमीला कॅसेट घेऊन यायचे, तीही दुसऱ्या कॅसेटवरून भरलेली, आणि रिवाइंड करकरून त्यावरून नोटेशन काढायचे. आवाज असा की बाई घागरीत तोंड घालून गातेय. म्हणून इतक्या वर्षांनी एलपी दिसली तेव्हा म्हटलं, बघू या तरी, आत नेमकं काय होतं.

दुकान ठाणे पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे. फोनवर ‘काकू, एकदम नव्यासारखी आहे’ असं सांगून दुकानदाराने अठराशे सांगितले होते. गेल्यावर मी रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. केसासारखे बारीक ओरखडे होते, ते चालतात, त्याने फारसं बिघडत नाही. पण एका बाजूला चरा असा होता की नख फिरवलं तर अडकत होतं.

‘हे काय?’

‘ते वाजताना येत नाही काकू.’

‘मग वाजवून दाखवा.’

मशीन नेमकं त्याच दिवशी दुरुस्तीला गेलेलं. बरं. घासाघीस करून चौदाशेवर आणला आणि घेऊन आले. आता सांगते, चरा येतो. एका अंतऱ्यात टक्, टक्, टक् असा, दर फेऱ्याला एक. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, म्हणजे दोन सेकंदांच्या आत एक टक्. आणि त्याचं गाण्याच्या ठेक्याशी जमत नाही, हे जास्त छळतं. ठेक्यात आला असता तर मी संगीतकार बिद्दूने मुद्दाम टाकलाय असं समजून सोडून दिलं असतं. चारपैकी दोन आणे त्या चऱ्याचे.

बुरशी धरलेली होती, पण तिचे पैसे कापत नाही, कारण ती निघते. आपल्याकडच्या पावसाळ्यात रेकॉर्ड नुसती कपाटात ठेवली तरी पांढरे ठिपके येतात, आणि आतली प्लॅस्टिकची पिशवी जुनी असली तर विचारूच नका. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ सुती कापड. खोबणीच्या दिशेने गोल गोल पुसायचं, आडवं कधीही नाही, आणि लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने आणखी एकदा. कुत्र्याच्या चित्राचं ते लेबल अजून शाबूत आहे. एचएमव्हीच्या रेकॉर्ड तेव्हा कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यात दाबल्या जायच्या, आणि त्यांच्या प्लॅस्टिकबद्दल लोक पुष्कळ नाकं मुरडतात. माझ्या प्रतीत गाणं सुरू व्हायच्या आधी तळलेल्यासारखी चुरचुर आहे, गाणं सुरू झालं की ती खाली दबते.

टर्नटेबल माझ्या भाच्याचं. सुई टेकली, नाझियाने पहिली ओळ घेतली आणि मला खटकलं.

‘एवढी बारीक नव्हती रे ही.’

‘मावशी, किती वर्षांनी ऐकतेयस. तुला आठवत नसेल.’

असं कुणी म्हटलं की मी पेटी काढते. फोनवर तेच गाणं लावून षड्ज धरला, मग रेकॉर्ड लावली. रेकॉर्डचा सूर चढा, अर्ध्या सुराला थोडासा कमी एवढा. महिन्याभरापूर्वी त्याने मशीनचा पट्टा बदलून घेतला होता, तेव्हापासून ते जोरात फिरत होतं आणि पठ्ठ्याला पत्ता नव्हता. तळाला वेग कमीजास्त करायचा एक स्क्रू असतो. तो फिरवता फिरवता सूर खाली उतरला, आणि मुलगी आपल्या जागेवर येऊन बसली. ‘अरे!’ एवढंच म्हणाला तो. दुसरी कुठली रेकॉर्ड असती तर एवढ्या फरकाने काही अडलं नसतं. हिच्या बाबतीत अडतं, कारण या रेकॉर्डमध्ये विकत घेण्यासारखी गोष्ट हा खालचा आवाजच आहे.

आमची पिढी लताबाईंच्या पट्टीत वाढली. मुलीचा आवाज म्हणजे उंच, पातळ, तारसप्तकात सुईसारखा जाणारा, असं सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. शाळेच्या गॅदरिंगला जिचा आवाज वर जाईल ती गाणार, बाकीच्या मागे कोरसला. नाझिया खालच्या पट्टीत गाते, बोलल्यासारखी, जराशी नाकात. सूर सरळ ठेवते. मुरकी नाही, हरकत नाही, ओळीच्या शेवटी मींड नाही, गळ्याची कसलीच नक्षी नाही. ‘हिला गळाच नाही, मशीनने गाऊन घेतलंय’ असं तेव्हा ठाण्यातले सगळे जाणकार एका सुरात म्हणायचे. मी नौपाड्यात ज्यांच्याकडे शिकत होते त्या बाईंनी एकदा मला हे गुणगुणताना ऐकलं. विचारलं, ‘सूर लावतेयस की कुणाशी बोलतेयस?’ त्यांनी ते रागावून विचारलं होतं. पण या गाण्यांबद्दल याहून नेमकं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

कारण हरकती घेऊन गाणाऱ्याला झाकायला पुष्कळ जागा असतात. सूर किंचित कमी पडला तर मुरकी घ्यायची, लोकांना तयारी वाटते. सरळ, खाली, हळू आवाजात धरलेला सूर उघडा पडतो. स्टेजवर ते माझ्याच्याने होत नाही हे मास्टरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी गाण्याची पट्टी चांगली दोन सुरांनी चढवली. ‘लेडीज आवाज आहे, माइकमध्ये भरला पाहिजे.’ भरला खरा. गाण्याचं मात्र लग्नातल्या बँडचं गाणं झालं.

आता ही मुलगी कुठून आली ते. जन्म १९६५, कराची. राहणं थोडं कराचीत, थोडं लंडनमध्ये. लंडनच्या एका पार्टीत फिरोज खानशी गाठ पडली. तो तेव्हा ‘कुर्बानी’च्या तयारीत होता. त्याने तिला बिद्दूकडे पाठवलं. ‘कुर्बानी’चं बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, फक्त ‘आप जैसा कोई’ हे एक गाणं बिद्दूचं. १९८० साली सिनेमा आला, पडद्यावर झीनत अमान, आणि आवाज पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. हॉलमध्ये बसलेल्या कुणालाही ते पटलं नसतं, इतका तो आवाज झीनतला शोभतो. बारीक आवाज असता तर मुळीच शोभला नसता.

बिद्दू हा माणूस समजून घेतल्याशिवाय एलपी कळत नाही. मूळचा बंगळूरचा, तिथल्या पोरांच्या बँडमध्ये गाणारा. साठच्या दशकाच्या शेवटी अरब देशांतून वाटेत गात, पैसे मिळवत इंग्लंडला पोचला. तिथे १९७४ साली त्याने कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं. हे गाणं मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून, स्टुडिओचा उरलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून, काही मिनिटांत उरकलेलं. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरला गेलं. मग १९७६ मध्ये टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं. म्हणजे नाझिया त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा हा काही हौशी माणूस नव्हता. नाचायच्या गाण्यात काय लागतं आणि, त्याहून महत्त्वाचं, काय लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गंमत अशी की तिकडे डिस्कोचा बाजार तोवर उठला होता. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून स्फोटात उडवून दिला होता. तिथे राख होत होती तेव्हा इथे आमच्याकडे अजून धूपही पेटला नव्हता. ‘आप जैसा कोई’ गाजल्यावर एचएमव्हीला नाझियाचं आणखी काहीतरी हवं होतं. बिद्दूने कार्पेंटर्स या अमेरिकन भावाबहिणीच्या जोडीसारखी जोडी करायचं मनात घेतलं आणि तिचा धाकटा भाऊ झोहेबही आत आला. सिनेमा नाही, हिरो-हिरॉइन नाही, नुसती गाणी. हिंदीवाल्यांना याचं फार नवल वाटलं. सिनेमाशिवाय रेकॉर्ड कोण घेणार, म्हणे! मराठी घरात हा प्रश्न कुणाला पडला नसता. आपल्याकडे भावगीतं वर्षानुवर्षं तशीच विकली जात होती, कुठल्या नटीने ती पडद्यावर म्हटली म्हणून नव्हे. माझ्या आईला डिस्को अजिबात आवडत नसे, पण ‘कुठल्या पिक्चरमधलं?’ असं मात्र तिने कधी विचारलं नाही.

ही गाणी लंडनमध्ये झाली याचा परिणाम कानाला लगेच कळतो. आपल्याकडे त्या काळात सिनेमाचं गाणं म्हणजे ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी पन्नास-साठ वादक, गायक काचेच्या खोलीत, आणि सगळ्यांनी एकदम वाजवायचं. एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आवाजात एक गर्दी असते, आणि ती गर्दी सुंदर असते, मला अजून आवडते. बिद्दूची पद्धत वेगळी. आधी ड्रम आणि बास वेगवेगळ्या ट्रॅकवर, मग गिटार, मग कीबोर्ड आणि तंतुवाद्यं, गायिका सगळ्यांत शेवटी, एकटी, कानात हेडफोन. नंतर बसून कुठलं किती ठेवायचं ते ठरवायचं. नाझियाचा आवाज जागोजागी एकावर एक दुहेरी बसवलेला ऐकू येतो, त्यामुळे तो जाड होतो पण मोठा होत नाही. ही युक्ती स्टेजवर कुणाच्या बापाला जमणार नाही. आम्ही प्रयत्न केला होता: मी आणि लताबाईंच्या गाण्यांवाली दोघींनी एकत्र म्हणायचं. तिने दुसऱ्याच ओळीला मुरकी घेतली.

शीर्षकगीत या एलपीवर ऐकताना आधी माझं लक्ष बासकडे गेलं. कॅसेटवर तो नुसता घुमायचा. इथे त्याची एकेक उडी वेगळी कळते, खालचा सूर, वरचा सूर, पुन्हा खालचा. खाली बेस ड्रम प्रत्येक मात्रेला, दम्, दम्, दम्, दम्, एकाही मात्रेवर कमीजास्त जोर नाही. आणि दोन दम्‌च्या मधल्या पोकळीत हाय-हॅटची झांज उघडून मिटते. बस. केरव्याला कसा एक झोल असतो, सम आली की मान हलते, तसं इथे काही नाही. मान हलत नाही, गुडघे हलतात. आणि या सगळ्यावर ती मुलगी अजिबात घाई न करता गाते. ठेका पळतोय, ही पळत नाही. ‘आहा’ जे प्रसिद्ध आहे, तेसुद्धा जांभई दिल्यासारखं सहज टाकलंय. आम्ही ते ‘आहा’ एवढ्या जोमात म्हणायचो की पुढच्या रांगेतली लहान पोरं दचकायची.

आमच्या ऑर्केस्ट्राचा दोष नव्हता म्हणा. आमच्याकडे बास गिटार नव्हती, कीबोर्डवाला डाव्या हाताने भागवायचा. साइड रिदमला टुंबा, बोंगो आणि ढोलकी असे तिघं, तिघांनाही पाकीट मिळणार, मग तिघंही वाजवणार. जिथे बिद्दूने मोकळं सोडलंय नेमकं तिथे ढोलकीवाला लग्गी भरायचा. ड्रमर तर प्रत्येक ओळीनंतर रोल मारायचा. ‘आप जैसा कोई’मध्ये तो इलेक्ट्रॉनिक ड्रमचा प्यूंव असा घसरता आवाज आहे ना, ते यंत्र आणायचं कुठून? एक मुलगा माइकला ओठ लावून तोंडाने ‘प्यूंव’ करायचा. त्याला त्यासाठी वेगळा वन्समोअर मिळायचा, माझ्यापेक्षा जास्त.

बाकीच्या गाण्यांचं काय? ‘आओ ना’ मला शीर्षकगीतापेक्षा जास्त आवडतं. चाल छोटी, गळ्यात पटकन बसणारी, आणि नाझिया इथे हसून गातेय असं वाटतं. ‘लेकिन मेरा दिल’ शब्दांनी रडकं आहे, पण आवाजात रडं अजिबात नाही. आपल्याकडच्या गायिकेने तिथे हुंदका दिला असता, मीही दिला होता, टाळ्याही मिळाल्या होत्या. मूळ ऐकल्यावर कळतं की हुंदक्याशिवाय ते जास्त लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने दुःख जसं सांगावं तसंच आहे, जरा फुरंगटून.

पण सगळीच एलपी अशी आहे असं म्हणाल तर नाही. मधली दोन-तीन गाणी भरतीची आहेत. एकाच साच्यात पीठ घालून काढल्यासारखा ठेका, अंतऱ्याची चाल मुखड्याची लांबची बहीण, आणि शब्द तर इतके हलके की दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. उर्दू म्हटलं की आपल्याला गझल आठवते, इथे शब्दांकडून काही मागायला जाऊ नका. झोहेबचा आवाज गोड आहे, मुलगा लाघवी आहे, पण बहीण गप्प झाली आणि तो गायला लागला की रेकॉर्डची उंची दोन बोटं कमी होते. सलग ऐकताना एका बाजूच्या शेवटाकडे मी उठून कुकर लावून आले आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उरलेल्या दोन आण्यांतला एक तिथे गेला.

दुसरा एक आणा एलपी या प्रकाराचा. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं खोबणीच्या आतल्या, लहान वर्तुळात येतं, आणि तिथे ‘स’ आणि ‘श’ फिसफिसतात. नवीन सुईने थोडं कमी होतं, जात नाही. एलपी म्हणजे देवाचा आवाज, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. भाच्याने फोनवर हेडफोन लावून तेच गाणं ऐकवलं, ते जास्त स्वच्छ आहे, चुरचुर नाही, टक् नाही. फरक बासचा पडतो. फोनच्या आपल्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही, आणि बास काढला तर या गाण्यात एक मुलगी आणि झांज उरते. मोठ्या स्पीकरवर एलपी लावली तेव्हा घोडबंदर रोडच्या आमच्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यावरून फोन आला, ‘वर काय चाललंय?’ म्हणजे बास व्यवस्थित आहे.

तेव्हा लोकांनी कसं घेतलं ते सांगायला हवं, कारण आता सगळे म्हणतात की आम्हाला पहिल्यापासून आवडत होतं. छे! घरोघरी दोन तट होते. पोरं कॅसेटी घासून घासून ऐकत होती, सोसायट्यांतून डिस्को डान्सच्या स्पर्धा होत होत्या, आणि मोठी माणसं ‘हे चार दिवसांचं’ म्हणत होती. त्यात फिल्मफेअरने १९८१ चं सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं पारितोषिक ‘आप जैसा कोई’साठी नाझियाला दिलं. पंधरा वर्षांची, कराचीची, एका गाण्याची! आमच्या बाई दोन दिवस धड बोलत नव्हत्या. लताबाईंनी आणि मग आशाबाईंनीही आपला विचार करू नका असं आधीच सांगून टाकलेलं होतं, त्यामुळे वाट मोकळी झालेली. त्या तीन वर्षांची यादीच पाहा: १९८० ला ‘मीरा’मधल्या भजनासाठी वाणी जयराम, १९८१ ला नाझिया, १९८२ ला ‘कुदरत’मधल्या गाण्यासाठी परवीन सुलताना. एकीकडे भजन, दुसरीकडे शास्त्रीय संगीतातल्या पतियाळा घराण्याचा गळा, आणि मध्ये बसलेली ही. बाई म्हणायच्या, परीक्षकांना चक्कर आली असेल. मला तर ती तीन वर्षं फार उदार वाटतात.

कराचीची म्हणून मंडपात कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तिकडे झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती, तशातही पोरांनी ही गाणी डोक्यावर घेतली. इकडे १९८२ मध्ये याच मंडळींची गाणी घेऊन कुमार गौरवचा ‘स्टार’ आला. सिनेमा पडला, ‘बूम बूम’ राहिलं. मग १९८४ ला ‘यंग तरंग’ ही भावाबहिणीची आणखी एक एलपी. तोवर हिंदी सिनेमात ज्याला त्याला डिस्को हवा होता आणि स्टेजवर मी कपाळाला चमकीची पट्टी बांधून उभी होते. फोटो आहे, दाखवणार नाही.

नाझियाने पुढे गाणं मागे टाकलं, शिकली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी केली. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये कर्करोगाने गेली, पस्तिसाव्या वर्षी. बिद्दूने मधल्या काळात, १९९५ ला, अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ केलं. त्यात लाकडी पेटीतून निघणारा मिलिंद सोमण आमच्या वयाच्या बायकांना गाण्यापेक्षा जास्त लक्षात आहे. आणि २०१२ ला ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये विशाल-शेखरनी ‘डिस्को दीवाने’ पुन्हा केलं, सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्याबरोबर नाझियाचा मूळ आवाजही ठेवून. भाच्याची मुलगी एलपी ऐकून म्हणाली, ‘हे तर आलियाचं गाणं.’ मग तिनेच फोनवर नवीन लावलं. नव्यात एवढं काही काही भरलंय की माझा ढोलकीवाला तिथे आनंदाने नांदला असता. पण मधेच नाझियाचा तुकडा येतो आणि तेवढ्यापुरतं बाकीच्यांना थांबावं लागतं, हे त्यांनी बरं केलं.

तर घ्यायची का? नुसती ऐकायची असेल तर घेऊ नका, फोनवर आहे. घरात बास वाजवणारे स्पीकर असतील आणि खालच्या मजल्याशी संबंध बरे असतील तर घ्या. चांगल्या प्रतीला दोन हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही, चऱ्याच्या प्रतीला हजाराच्या वर जाऊ नका, मी गेले ते बेबीच्या मामाच्या अक्षरामुळे. रेकॉर्ड तिरकी धरून बघा, नख फिरवा, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का ते पाहा, आणि मधल्या भोकाभोवती लेबलवर मशीनच्या मधल्या दांडीचे ओरखडे किती आहेत ते मोजा, त्यावरून आधीच्या मालकाने किती घासलीय ते कळतं. घरी आल्यावर मशीनचा वेग तपासा. त्याच दुकानात ‘बूम बूम’ आणि ‘यंग तरंग’ दोन्ही आहेत, जोडीचे तीन हजार म्हणतोय, आणि दोन्ही अर्थातच ‘एकदम नव्यासारख्या’. त्याचं मशीन दुरुस्तीहून आलं की जाईन. वाजवून दाखवलं तरच पाकीट उघडणार.